महेश्वरच्या मागापर्यंत पाहुणे नेताना : या चुका टाळा

इंदुरातल्या मराठी घरी महाराष्ट्रातून पाहुणे आले की पुढचे दोन दिवस कसे जाणार हे बहुधा ठरलेलेच असते. सकाळी खजराण्याचा गणपती, मग राजवाडा आणि होळकरांच्या छत्र्या म्हणजे समाध्या, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली; आणि हाताशी आणखी एक दिवस असला तर नव्वदेक किलोमीटरवरचे महेश्वर. तिथे नर्मदेचा घाट, अहिल्याबाईंची गादी आणि परतण्यापूर्वी एखाद्या विणकराच्या घरी साडीखरेदी. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी गेली काही वर्षे अशाच छोट्या सहली नेतो. ज्या घरांचे दार आमच्यासाठी उघडते त्यांतली बरीच घरे अन्सारी, म्हणजे पिढीजात विणकाम करणाऱ्या मुसलमानांची आहेत, आणि मागावर अनेकदा घरातली बाईच बसलेली असते. या येण्याजाण्यातून तिच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यांतल्या बहुतेक आम्हीच केलेल्या आहेत.

मागावरचा वेळ फुकट धरणे

सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि ती करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. विणकराला मजुरी साडीमागे मिळते, तासामागे नाही. पाहुण्यांचा गट आला की बाई धोटा (आडवा धागा नेणारे साधन) बाजूला ठेवते, पायाने दाबायची पावडी कशी चालते ते दाखवते, किनारीतली चटई, वीट आणि हिरा ही नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून कशी आली ते सांगते, चारजणांना मागावर बसून फोटो काढू देते. एका गटाला वीस मिनिटे धरली आणि सुट्टीच्या दिवशी पाच गट आले, तर तिची शंभर मिनिटे गेली. शिवाय माग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला की आडवा धागा घट्ट बसवणारी ठोक सारखी पडत नाही आणि कापडावर आडवी रेघ उमटू शकते, तिचा भुर्दंडही तिलाच. पाहुण्यांनी साडी घेतली तर नफा बहुधा दुकान चालवणाऱ्या पुरुषाकडे किंवा ज्याचे सूत आहे त्या मालकाकडे जातो. म्हणजे जिचा वेळ गेला ती वेगळी आणि ज्याला पैसे मिळाले तो वेगळा, अशी स्थिती होते. आणि आपण मात्र स्थानिक कारागिराला हातभार लावल्याच्या समाधानात इंदुरास परततो.

यावरचा उपाय साधा असला तरी पाहुण्यांच्या गळी उतरवणे सोपे नाही. भेटीचे शुल्क साडीच्या किमतीपासून वेगळे ठेवावे, ते त्या बाईशी बोलून ठरवावे आणि पाहुण्यांना निघण्यापूर्वीच सांगावे की खरेदी केली तरी ते वळते होणार नाही. शुल्क ठरवताना तिला आधी विचारावे की इतक्या वेळात ती किती विणते, आणि आकडा त्याच्या वरच ठेवावा. धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी सासू किंवा नणंद यांचा वाटाही त्यातच धरावा, कारण त्यांचे काम कोणत्याही हिशेबात येत नाही. आम्ही एका घरी दिवसात दोनपेक्षा जास्त गट आणि एका गटात आठांपेक्षा जास्त माणसे नेत नाही. शाळेच्या वयाची मुलगी पाहुण्यांना गोड वाटते म्हणून तिला मागावर बसवून दाखवणे तर पूर्णपणे बंद केले.

देशातल्या मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के घरातच काम करतात. सर्व कामगारांसाठी हे प्रमाण ५१ टक्के होते. या आकड्याचा अर्थ पर्यटनवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवा. तिचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण आहे, आणि आपण पाहुणे म्हणून ज्या खोलीत शिरतो तिथे एखाद्या कारखान्यात शिरल्यासारखीच परवानगी, वेळ आणि मोबदला लागतो.

पुरुषाचा होकार तोच तिचा होकार मानणे

फोन घरातला पुरुष उचलतो, दारात तोच स्वागत करतो, फोटोला हरकत नाही असेही तोच सांगतो. आमच्या एका सहलीत पाहुण्यांनी अशा होकारावर विसंबून मागावरच्या बाईचे भरपूर फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी घराच्या पत्त्यासकट फेसबुकवर टाकले. पुढच्या महिन्यात फोन केला तेव्हा उत्तर आले की आता भेटी बंद आहेत. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त दार बंद. कारण आम्हाला दुसऱ्याच घरातून कळले.

तेव्हापासून आम्ही पाहुणे बरोबर नसताना, वेगळ्या दिवशी, आमच्यापैकी एक बाईच जाऊन तिच्याशी बोलते. चेहरा दिसलेला चालेल का, फक्त हात आणि माग चालतील का, समाजमाध्यमावर टाकलेले चालेल का, गल्लीचे नाव लिहिलेले चालेल का, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात आणि चारांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात. आज दिलेला होकार उद्या मागे घेता येतो हेही सांगावे. बुरख्यातल्या बायकांचा पाठमोरा फोटो "महेश्वरची झलक" म्हणून छापण्याची जी खोड पर्यटनाच्या पत्रकांना लागली आहे, ती मला व्यक्तिशः फार खटकते, कारण त्यात त्या बायकांचे काम कुठेच दिसत नाही.

सगळ्यांना एकाच पिशवीत घालणे

"मुस्लिम महिलांसाठी उपक्रम" असे नाव देऊन योजना आखली की ती बहुधा पहिल्याच बैठकीत अडखळते. महेश्वरची अन्सारी विणकरीण, धार जिल्ह्यातल्या बाग गावची खत्री घरातली ठसे उमटवणारी बाई आणि इंदूरच्या सैफीनगरातली रिदा (बोहरा स्त्रियांचा खास पोशाख) घालणारी बोहरा गृहिणी यांच्या गरजा सारख्या नाहीत. बागच्या छपाईत कापड धुवायला वाहते पाणी लागते, त्यामुळे तिथे बाघिनी नदीची अवस्था हाच जगण्याचा प्रश्न आहे. पाहुण्यांच्या गाड्या नदीकाठी धुतल्या जाऊ नयेत, हे तिथल्या बाईसाठी कोणत्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा महत्त्वाचे ठरते. बोहरा समाजातल्या अनेक स्त्रिया स्वतः व्यवसाय करतात, त्यांना "स्वावलंबन" शिकवायला गेलेल्या उत्साही मंडळींची काय गत झाली असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

महेश्वरबद्दल आणखी एक गोष्ट नवख्यांनी ध्यानात ठेवावी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी सुरू केलेल्या रेहवा सोसायटीने तिथे स्त्रियांना माग आणि मजुरी दोन्ही मिळवून दिले. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसांशी व्यवहार कसा करायचा, हे त्या गावातल्या बायकांना चार दशकांहून अधिक काळ ठाऊक आहे. आपण त्यांच्याकडे पहिल्यांदा संधी घेऊन आलो आहोत, अशा थाटात बोलू नये.

हाक मारण्याचेही तसेच. आपल्याकडे "बाई" हा शब्द आदराचाही आहे आणि घरकामासाठी येणाऱ्या बाईसाठीही वापरला जातो, त्यामुळे अनोळखी घरात तो जपून वापरावा. आपा, बाजी, खाला, भाभी यांपैकी काय चालेल ते घरातल्यांनाच विचारावे. विचारल्याने कोणी रागावत नाही.

जेवणाची गोष्ट शेवटच्या क्षणी काढणे

आमच्या मराठी पाहुण्यांत मांसाहार न करणारे बरेच असतात आणि काहींना मांसाहारी स्वयंपाकघरातले शाकाहारी जेवणही चालत नाही. हे चांगले की वाईट हा वाद सहलीच्या दिवशी, पंगतीत बसल्यावर सोडवता येत नाही. एकदा आम्ही न सांगता एका घरी जेवण ठरवले. पंधरांतले चारजण रिकाम्या ताटासमोर बसून राहिले आणि पाणीही पिईनात. यजमानीणबाईंनी काही म्हटले नाही, पण पुढच्या वेळी जेवणाला नकार दिला. आता नोंदणी करतानाच स्पष्ट लिहितो की जेवण मुस्लिम कुटुंबात आहे, काय शिजवले जाईल, आणि ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी घाटावरच्या खाणावळीची सोय आहे. ज्यांना यायचे ते आनंदाने येतात.

दुसरी चूक त्याच्या उलट टोकाची आहे. मुस्लिम घर म्हणजे बिर्याणी, असे गृहीत धरून तीच मागणे. महेश्वर ज्या निमाड भागात येते तिथल्या घरात रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी असते, आणि मराठवाड्यातून आलेल्या आमच्या एका पाहुणीने ती खाऊन आईच्या हातची आठवण काढली तेव्हा यजमानीणबाई जितक्या खूष झाल्या तितक्या बिर्याणीच्या कौतुकाने कधी झाल्या नव्हत्या. हे नियमित चालवायचे असेल तर अन्न सुरक्षा विभागाकडे छोट्या व्यवसायाची नोंदणी करून घ्यावी आणि ती तिच्याच नावावर असावी.

रमजान विसरणे

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहाअकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. सध्या तो नेमका आपल्या हिवाळी हंगामात शिरला आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत येतो, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस, आणि २०३० साली जानेवारीत एकदा व डिसेंबरच्या शेवटी पुन्हा एकदा. म्हणजे येती काही वर्षे दिवाळी ते मार्च या आपल्या गर्दीच्या काळात एक महिना वेगळा आखावा लागणार आहे. त्या महिन्यात बाई पहाटेच्या सहरीच्या आधी उठते आणि संध्याकाळी इफ्तारीच्या तयारीत असते, त्यामुळे दुपारपूर्वीची छोटी भेट चालू शकते, जेवणाचा आग्रह नाही. शुक्रवारची दुपार बाराही महिने टाळावी. आणि देणे बाकी असेल तर ते ईदच्या आधी चुकते करावे. ईदनंतर दिलेले पैसे तिच्या उपयोगाच्या वेळी पोहोचलेले नसतात.

खाते तिचे, फोन त्याचा

पैसे थेट तिच्या खात्यात गेले म्हणून आम्ही वर्षभर निश्चिंत होतो. नंतर लक्षात आले की खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा आहे, पैसे आल्याचा संदेश त्यालाच जातो आणि भिंतीवरचा क्यूआर कोडही त्याचाच आहे. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणाचे नाव येते ते पाहुण्यांनी वाचावे, एवढे सांगितले तरी बरेच कळते. मात्र यात आपण परस्पर ढवळाढवळ करू नये. काही घरांत व्यवहार एकत्रच चालतो आणि बाईला तेच सोयीचे असते. काही ठिकाणी ती निम्मी रक्कम रोख मागते. तिला एकटीला विचारावे आणि ती म्हणेल तसे करावे.

बचत गट काढण्याची घाईही नडते. काही स्त्रियांना व्याजाचा व्यवहार धर्माने मान्य नसतो, आणि कर्ज देऊन व्याज घेणे हा आपल्या नेहमीच्या गटांचा कणा असतो. हे आधी विचारले तर बिनव्याजी समाईक निधीचा मार्ग निघतो. न विचारल्यास गटाची वही कोरी राहते आणि "त्या बायका पुढे येत नाहीत" असा शेरा मारला जातो.

गाडीवाल्याचे कमिशन आणि यंत्रमागाची साडी

गाडी एका ठराविक दुकानासमोरच थांबत असेल तर त्यामागे कमिशन असते. चालकाला थांबण्याचा भत्ता आधीच ठरवून दिला की हा ओढा बराच कमी होतो. पाहुण्यांना हातमागाचे चिन्ह पाहायला शिकवावे आणि महेश्वरीची बुगडी किनार दोन्ही बाजूंनी सारखी दिसते हेही दाखवावे. यंत्रमागाची साडी महेश्वरी म्हणून विकली गेली की मजुरी थेट मागावरच्या बाईची बुडते.

पाहुणीही मुस्लिम असू शकते

आम्ही पहिली दोन वर्षे हे गृहीतच धरले नव्हते. नमाजासाठी स्वच्छ कोपरा, पाण्याची सोय असलेले स्त्रियांचे स्वच्छतागृह आणि हलाल जेवणाचा पर्याय, एवढे धार जिल्ह्यातल्या मांडूच्या ऐतिहासिक किल्ल्याच्या वाटेवर आधी पाहून ठेवले तर त्यांनाही सहलीत येता येते. मांडूची जामी मशीद आणि होशंगशहाची कबर दाखवताना फक्त लढाया आणि जनानखान्याच्या सुरस कथा सांगणारा मार्गदर्शक असेल, तर त्याच्याशी निघण्यापूर्वी बोलून घ्यावे.

दार बंद झाले तर

सर्व काळजी घेऊनही एखादे घर कधी ना कधी सांगते की आता पाहुणे नकोत. कारण लग्नाच्या वयाची मुलगी असते, शेजाऱ्यांचे बोलणे असते किंवा निव्वळ कंटाळा असतो. दिलेली आगाऊ रक्कम परत मागू नये, समजूत घालायला मध्यस्थ पाठवू नये आणि त्या घरची साडी घेणे थांबवू नये. फोटोमुळे ज्या घराने आम्हाला दार बंद केले होते त्यांच्याकडून आम्ही आजही वर्षाला सहासात साड्या मागवतो. त्या बसने इंदुरास येतात आणि पैसे साडी उतरवून घेण्यापूर्वी पोहोचलेले असतात.