सिसकंट्रोल कर्नलची सेटिंग वाचताना एरर देत असेल तर काय बघायचं

लिनक्स सर्व्हरवर सिसकंट्रोल -ए मारलं (ही कमांड कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, सेटिंग दाखवते) की शेकडो ओळी झरझर वर जातात आणि त्यात मधूनच परमिशन डिनाइड, नो सच फाइल, रीडिंग की असलं काहीतरी दिसतं, नवीन पोरं तिथंच घाबरतात आणि सर्व्हर बिघडला म्हणून फोन लावतात. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं छोट्या कंपन्यांत, कॉलेजच्या लॅबमध्ये आता लिनक्स आहे आणि ते सांभाळणारा माणूस बऱ्याच ठिकाणी एकटाच असतो, प्रिंटरच्या कागदापासून सर्व्हरपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. त्याच्यासाठी हे लिहितोय. कमांड इथं देवनागरीत आहेत, टाइप करताना अक्षरं इंग्रजी आणि स्मॉल, आकडेही इंग्रजीच, आणि सिसकंट्रोल, जर्नलकंट्रोल मधल्या कंट्रोलच्या जागी नुसतं सीटीएल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग पुढचं सगळं सोपं जातं. सिसकंट्रोल स्वतःजवळ काहीच ठेवत नाही, ते /प्रॉक/सिस च्या खालच्या फाइली वाचतं, बस. नावातल्या टिंबाच्या जागी स्लॅश टाकला की फाइलचा पत्ता तयार, म्हणजे नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड हे सेटिंग /प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/आयपी_फॉरवर्ड या फाइलीत सापडतं. या फाइली डिस्कवर नसतात, तुम्ही वाचायला गेलात की कर्नल तिथल्या तिथं उत्तर देतं. त्यामुळं एरर आली की सिसकंट्रोलशी भांडत बसू नका, एलएस -एल मारून ती फाइल आहे का बघा, असली तर परमिशन बघा, मग कॅट करून बघा. कॅटलाही तीच एरर आली तर प्रश्न कर्नलच्या बाजूचा, कॅट नीट चालला तर तुमच्या कमांडमध्ये काहीतरी चुकलंय.

कमांड नॉट फाउंड आलं तर फार विचार करू नका. डेबियन लिनक्सवर साध्या युजरच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) /एसबिन नसतं, म्हणून /एसबिन/सिसकंट्रोल असं पूर्ण लिहा. तरीही नाही सापडलं तर प्रॉकपीएस पॅकेज टाका, फेडोरा आणि रेडहॅटच्या घरात त्याचं नाव प्रॉकपीएस-एनजी.

आता खरा त्रास देणारी एरर, कॅनॉट स्टॅट आणि शेवटी नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. याचा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल कर्नलनं आत्ता मांडलेली नाही. का नाही, त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि इथंच लोक अंदाजानं काहीबाही करत सुटतात. स्पेलिंग आधी बघा, फॉरवर्डमधला एक आर गेला तरी हीच एरर येते. स्पेलिंग बरोबर असेल तर ते सेटिंग कुठल्या मॉड्युलचं (कर्नलला लागेल तेव्हा जोडता येणाऱ्या तुकड्याचं) आहे ते बघा. कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवताना सगळ्यांना हमखास भेटणारं उदाहरण म्हणजे नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स. हे सेटिंग बीआर_नेटफिल्टर मॉड्युल लोड झाल्याशिवाय दिसतच नाही, कर्नल ३.१८ पासून तो भाग ब्रिजमधून काढून वेगळं मॉड्युल केलाय. सुडो मॉडप्रोब बीआर_नेटफिल्टर मारा (सुडो म्हणजे रूटच्या, मुख्य ॲडमिनच्या, हक्कानं आणि मॉडप्रोब म्हणजे मॉड्युल चढवणं) आणि परत वाचा, /प्रॉक/सिस/नेट/ब्रिज हे फोल्डर तुमच्या डोळ्यांदेखत उगवतं. नेट.नेटफिल्टर.एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स चंही असंच, त्याला एनएफ_कॉनट्रॅक मॉड्युल लागतं.

पण मॉडप्रोब हातानं मारलं की ते रीबूटपर्यंतच राहतं आणि आपल्याकडं लाइटीचा भरवसा नाही, रात्री लाइट जाते, यूपीएसची बॅटरी उतरते, सर्व्हर पडतो, सकाळी उठून चालू होतो आणि काल चालणारं आज कॅनॉट स्टॅट म्हणतं. कुणी काही बदललेलं नसतं म्हणून माणूस चक्रावतो. उपाय एका ओळीचा आहे, /ईटीसी/मॉड्युल्स-लोड.डी मध्ये .कॉन्फ नं संपणारी एक फाइल करा आणि तिच्यात फक्त मॉड्युलचं नाव लिहा. मशीन बूट होताना सिस्टिमडी (सगळ्या सर्व्हिस चालू करणारा प्रोग्राम) आधी ही मॉड्युलं चढवतं, नंतर सिसकंट्रोलची सेटिंग लावतं, त्यामुळं क्रम आपोआप बरोबर बसतो. हे काम आजच करून ठेवा, पुढच्यांदा लाइट जायची वाट बघू नका.

मॉडप्रोबच म्हणालं की मॉड्युल सापडत नाही, तर युनेम -आर नं चालू कर्नल बघा आणि /लिब/मॉड्युल्स मध्ये त्याच नावाचं फोल्डर आहे का बघा. कर्नल अपडेट झाला पण मशीन रीबूट केलं नाही आणि जुनं फोल्डर अपडेटमध्ये निघून गेलं असलं तर असं होतं, रीबूट हाच उपाय. फोल्डर असूनही मॉड्युल नसेल तर /बूट मधली कॉन्फिग- नं सुरू होणारी फाइल उघडा, तिथं त्या पर्यायापुढं एम असेल तर मॉड्युल, वाय असेल तर ते कर्नलमध्येच मुरलेलं, आणि इज नॉट सेट असेल तर या कर्नलमध्ये ती सोयच नाही, कितीही डोकं आपटा. वाय असलेली गोष्ट एलएसमॉडमध्ये (चढलेल्या मॉड्युलांच्या यादीत) दिसत नाही हेही लक्षात असू द्या.

तिसरं कारण म्हणजे सेटिंगच इतिहासजमा झालेलं असतं. जुने ट्यूनिंगचे लेख वाचून नेट.आयपीव्ही४.टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल शोधणारे अजून भेटतात, ते कर्नल ४.१२ मध्येच काढून टाकलंय आणि ते गेलं ते बरंच झालं, नॅटच्या (एकाच आयपी पत्त्यावरून अनेक मशीन बाहेर काढणाऱ्या सोयीच्या) मागच्या लोकांची कनेक्शनं त्यानं तुटायची. शेड्युलरची (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाची) बरीचशी सेटिंग्ज, कर्नल.शेड_मायग्रेशन_कॉस्ट_एनएस वगैरे, ५.१३ पासून सिसकंट्रोलमध्ये नाहीत, ती /सिस/कर्नल/डीबग/शेड मध्ये गेली. आणि बूटलाच आयपीव्ही६.डिसेबल=१ दिलेलं असेल तर /प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही६ हे अख्खं झाडच नसतं, मग आयपीव्ही६ बंद आहे का हे विचारायला गेलं तरी कॅनॉट स्टॅट येतं. कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन करा, कळून जाईल.

परमिशन डिनाइड ऑन की ही त्यामानानं साधी. साध्या युजरनं सिसकंट्रोल -ए मारलं की नेट.आयपीव्ही४.टीसीपी_फास्टओपन_की सारख्या काही फाइली फक्त रूटला वाचता येतात म्हणून ती ओरडते. सुडो लावा, गप्प होते. मात्र काही फाइली फक्त लिहिण्यासाठीच केलेल्या आहेत, त्या रूटलाही वाचू देत नाहीत. व्हीएम.कॉम्पॅक्ट_मेमरी घ्या, एलएस -एल मध्ये तिच्यापुढं नुसता डब्ल्यू दिसतो, कॅट केलं तर रूट असूनही परमिशन डिनाइड. तिथं वाचण्यासारखं काही नसतंच, त्यात १ लिहिला की कर्नल मेमरी आवरायला घेतं, एवढंच तिचं काम. हिची परमिशन चमोडनं बदलायला जाऊ नका, होणारही नाही.

रूटनं मारल्यावरही नेट.आयपीव्ही६.कॉन्फ.ऑल.स्टेबल_सीक्रेट बद्दल रीडिंग की अशी ओळ येते ना, ती बघून हार्ड डिस्क गेली की काय अशी शंका लोकांना येते, कारण कॅट केलं की इनपुट/आउटपुट एरर लिहून येतं. डिस्कचा काही संबंध नाही. आयपीव्ही६ चा कायम राहणारा पत्ता बनवायला एक गुप्त किल्ली तिथं ठेवता येते आणि ती अजून कुणी ठेवलेली नसेल तर कर्नल मुद्दाम हीच एरर देतं. प्रत्येक इंटरफेसचं एकेक नाव येतं म्हणून यादी लांब दिसते, सोडून द्या.

आणखी एक, सिसकंट्रोल -ए पुढं पाइप लावून ग्रेप फॉरवर्ड केलं (म्हणजे फॉरवर्ड असलेल्या ओळीच गाळून घेतल्या) तरी या ओळी स्क्रीनवर येतच राहतात, कारण एरर वेगळ्या वाटेनं येते, ग्रेपच्या हातात ती पडत नाही. लोक मग २>/डेव्ह/नल लावून, म्हणजे एरर फेकून देऊन, मोकळे होतात. रोजच्या बघण्याला ठीक आहे, पण स्क्रिप्टमध्ये ते कायमचं टाकू नका, एखादं सेटिंग खरंच गायब झालं तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. त्यापेक्षा हवं तेवढंच नाव देऊन वाचा.

व्हीलॅनवाल्यांना (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्क चालवणाऱ्यांना) वेगळाच त्रास. इंटरफेसचं नाव ईटीएच०.१०० असेल तर त्यातला टिंबही सिसकंट्रोल स्लॅश समजतं आणि ईटीएच० फोल्डरच्या आत १०० शोधत बसतं. तिथं सगळं नाव स्लॅशनंच लिहा, नेट/आयपीव्ही४/कॉन्फ/ईटीएच०.१००/आरपी_फिल्टर, लगेच सापडतं.

डॉकर कंटेनरच्या (होस्टचाच कर्नल वापरणाऱ्या वेगळ्या डब्याच्या) आत असाल तर आतलं चित्र बाहेरच्या होस्टसारखं नसतं. नेटची बरीच सेटिंग्ज कंटेनरची स्वतःची असतात आणि /प्रॉक/सिस रीड-ओन्ली लावलेलं असतं, म्हणून वाचता येतं पण बदलायला गेलं की रीड-ओन्ली फाइल सिस्टिम. मॉड्युलही आतून चढवायचं नसतं, ते होस्टवर चढवा आणि कंटेनरची स्वतःची सेटिंग्ज द्यायची असतील तर डॉकर रनला --सिसकंट्रोल लावून द्या.

आणि एरर काहीच नाही पण वाचलेला आकडा तुम्ही फाइलीत लिहिलेला नाही, असं असेल तर सुडो सिसकंट्रोल --सिस्टिम मारा, कुठल्या कुठल्या फाइली कुठल्या क्रमानं लागतात ते ती छापते, नंतरची फाइल आधीचीवर मात करते. डेबियन १३ पासून बूटच्या वेळी /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ वाचलीच जात नाही, तिच्यातल्या ओळी /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये .कॉन्फ नावाच्या फाइलीत हलवा. बूटच्या वेळी काय फसलं ते जर्नलकंट्रोल -यू सिस्टिमडी-सिसकंट्रोल मध्ये सापडतं. एखादं सेटिंग काही मशीनवर असतं, काहींवर नसतं, तर ओळीच्या सुरुवातीला वजाचं चिन्ह टाका, मग ते लागलं नाही म्हणून सर्व्हिस फेल होत नाही, पण ज्या सेटिंगवर तुमचं नेटवर्क चालतं त्याच्यापुढं वजा टाकू नका.