अनारशाची जाळी कढईच्या आधीच ठरते

तळणाचे आपले नियम ठरलेले असतात. तेल चांगलं तापू द्यायचं, पदार्थाला पाण्याचा अंश राहू द्यायचा नाही, दोन्ही बाजू उलटून-पालटून तळायच्या. अनारसा यातलं काहीच मानत नाही. त्याचं पीठ ओलसर लागतं, तूप मंद लागतं, आणि कढईत एकदा सोडला की तो उलटायचाच नाही. म्हणूनच त्याची चव दुसऱ्या कुठल्या तळणीला येत नाही. तळाला कडक, मध्ये जराशी चिवट आणि वर खसखस भाजून खरपूस झालेली जाळी. फराळाच्या ताटात माझा हात पहिल्यांदा तिकडेच जातो.

मी कोल्हापुरात राहते आणि दिवाळीच्या आधी ओळखीच्या घरांना अनारसे करून देते. त्या दिवसांत फोन येतात ते तीनच कारणांनी. अनारसे हसले म्हणजे तुपात फुटून पसरले, दगडासारखे झाले, नाहीतर जाळीच पडली नाही. प्रत्येकीचा प्रश्न असतो, "गॅस किती ठेवू?" मी उलट विचारते, "तांदूळ किती वेळ वाळवलात?" बहुतेक वेळा गोम तिथेच सापडते.

तांदूळ जुना आणि साधा घ्या. कोलम चालतो, रेशनचा जाडा तांदूळ तर फारच छान. बासमतीचे पैसे वाया घालवू नका, आणि उकडा तांदूळ अजिबात घेऊ नका, तो आधीच शिजलेला असतो. अर्धा किलो तांदूळ दोन-तीनदा धुऊन भरपूर पाण्यात तीन दिवस भिजत घाला. रोज पाणी बदला. हे पाणी बदलणं कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात आणि मग पिठाला कुबट वास मारतो. तांदूळ किंचित आंबला पाहिजे, सडता कामा नये. थोडासा आंबूस वास आला तर घाबरू नका, गुळाची गोडी त्यानेच खुलते. उन्हाळ्यात करत असाल तर पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा बदला.

चौथ्या दिवशी तांदूळ चाळणीत उपसून निथळू द्या आणि सुती पंचावर सावलीत पसरा. उन्हात नको. इथे घड्याळाकडे बघू नका, हाताकडे बघा. पाऊण तास लागेल, दमट हवेत जास्तही लागेल. मूठभर तांदूळ हातात दाबून सोडला की तळव्याला पाणी लागायला नको, पण दाणे गार आणि ओलसर लागायला हवेत. एक दाणा नखाखाली चिरडला की त्याचा लगेच भुगा झाला पाहिजे. तसाच तो मिक्सरला लावायचा.

या ओलाव्यासाठी मी इतकी का अडून बसते ते सांगते. तांदळात गव्हासारखा चिकटा नसतो, त्यामुळे अनारशाला धरून ठेवतो तो फक्त तांदळाचा स्टार्च आणि विरघळलेला गूळ. कढईत गेल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वरच्या बाजूने वाट काढते. जिथून वाफ निघते तिथे भोक पडतं. दाण्यात पाणीच उरलं नसेल तर वाफ कुठून यायची? अनारसा घट्ट, बंद आणि कडक होणार. पाणी जास्त राहिलं तर गूळ पातळ होतो, वडी सैल पडते आणि तुपात फुटून पसरते.

दळताना थोडं थोडं दळा, मिक्सर तापू देऊ नका. पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा आणि वर राहिलेली कणी पुन्हा दळा. सासूबाई हे पीठ उखळात कुटायच्या, आणि कुटलेल्या पिठाचा अनारसा अधिक हलका होतो हे मी मान्य करते. पण मिक्सरच्या पिठाचेही उत्तम होतात. चाळलेलं पीठ मुठीत दाबल्यावर मूठ बांधली गेली पाहिजे. यातलंच वाटीभर पीठ डब्यात घालून फ्रीजमध्ये बाजूला ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता गूळ. वजन करूनच घ्या, वाटीने मोजलं की किसलेल्या गुळात फसगत होते. 500 ग्रॅम पिठाला मी 400 ग्रॅम गूळ घेते. काही घरांत समसमान घालतात, पण गूळ जितका वाढवाल तितकी हसण्याची भीती वाढते. चिक्कीचा गूळ नको, साधा हवा. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, पण इथेही मी दुकानात खडा मोडून, चाखून घेते. खारट लागला की परत ठेवते. गूळ बारीक किसा, एकही खडा राहू देऊ नका. राहिलेला खडा तुपात वितळतो आणि अनारशाला तिथे भगदाड पडतं. पीठ, गूळ आणि दोन चमचे साजूक तूप एकत्र करून मळा. सुरुवातीला कोरडं वाटेल. पाणी, दूध काही घालू नका. दाबत राहा, गूळ पिठातलं पाणी ओढून घेतो आणि गोळा आपोआप मऊ होतो.

गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा चिनीमातीच्या बरणीत पाच दिवस ठेवा, थंडी असेल तर आठ. मला सगळ्या कृतीत हा भाग फार सुंदर वाटतो. बाहेरून काही घडताना दिसत नाही आणि आत पीठ मुरत असतं. गुळाने पाणी धरून ठेवल्यामुळे ते सहसा बिघडत नाही. फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहतं. म्हणूनच पूर्वी एकदा पीठ करून ठेवलं की पाहुणे आल्यावर चार अनारसे तळणं सोपं जायचं.

तळायच्या दिवशी लागेल तेवढाच गोळा काढून हाताने चांगला मळून घ्या. थापताना कडेला चिरा पडत असतील तर कुस्करलेलं पिकलं केळं अर्धा चमचा घाला, नाहीतर दुधाचे काही थेंब. हे फक्त काढलेल्या गोळ्यात घाला. सगळ्या पिठात घातलं तर उरलेलं पीठ टिकणार नाही.

केळीच्या पानावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर खसखस पसरा, लिंबाएवढी गोळी ठेवून बोटांच्या टोकांनी थापा. लाटण्याने नको, त्याने पीठ दाबलं जातं. जाडी पुरीपेक्षा थोडी अधिक, मध्यभागी जरा पातळ. कढई लहान आणि सपाट बुडाची घ्या, तूप दीड इंच तरी असू द्या. वाटाण्याएवढं पीठ सोडून बघा. ते आधी तळाशी जाऊन मग बुडबुडे सोडत सावकाश वर आलं पाहिजे. टाकताक्षणी उसळून वर आलं तर तूप फार तापलंय, गॅस बंद करून थांबा.

आता खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा हळूच तुपात सरकवा. एका वेळी एकच. कड धरेपर्यंत झारा लावू नका. मग झाऱ्याने बाजूचं गरम तूप त्याच्यावर उडवत राहा. बघता बघता मध्यावर भोकं उमलायला लागतात आणि जाळी कडेपर्यंत पसरते. हे बघण्यासाठी आमच्याकडे मुलं ओट्यापाशी येऊन उभी राहतात, आणि मलाही ते प्रत्येक वेळी बघावंसं वाटतं. उलटलात तर उघडलेली जाळी मिटते आणि खसखस जळून कडू होते. बदामी रंग आला की झाऱ्याने उचला आणि चाळणीत उभा करून ठेवा, म्हणजे तूप निथळतं. गरम असताना तो मऊच असतो, गार झाल्यावर कुरकुरतो. मऊ वाटतो म्हणून पुन्हा तळायला जाऊ नका.

पहिलाच अनारसा हसला तर पुढचा सोडू नका. तूप गाळून घ्या, बाजूला ठेवलेल्या पिठातलं एक-दोन चमचे पीठ गोळ्यात मळा आणि दोन तास झाकून ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. जाळी पडत नसेल तर आधी गॅस कमी करा, मग थोडं पातळ थापून बघा. तुपात गळलेली खसखस अधूनमधून गाळून काढा, नाहीतर ती करपून पुढच्या अनारशांना काळे ठिपके लावते. गुळाऐवजी पिठीसाखर घालूनही अनारसे करतात. ते पांढरे, अधिक कुरकुरीत होतात, दिसायला छान. मला गुळाचेच हवेत.

अधिक महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण देतात. जाळीदार पदार्थच द्यायचा असतो, म्हणून अनारसे नाहीतर बत्तासे. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन मे-जूनच्या उकाड्यात. तेव्हा पीठ लवकर मुरतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एक तळून बघा. आणि 33 हवेत तर पीठ चाळीसचं धरा. फुटके, वाकडे वाणात देता येत नाहीत, ते घरातल्यांनी खायचे.

माझी नणंद दुबईला असते. तिकडे खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरलाही आहे, त्यामुळे सामानात पुडी ठेवायचा विचारही करू नका. तिला मी पांढरे तीळ लावायला सांगितलं. बिहारमध्ये गयेला अनरसा मिळतो, त्याला तीळच लावलेले असतात, काहींत खवाही भरलेला असतो. तेव्हा तिळाला परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. तीळ न भाजता लावा, कढईत ते भाजले जातातच. आणि थापताना जरा जोर देऊन रुतवा, कारण खसखशीपेक्षा ते लवकर सुटून तुपात पडतात.