पायलोरस की ड्युओडिनम? आधी ती गुलाबी रेष शोधा

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या) चौथ्या स्पॉटरसमोर, म्हणजे ओळखायला ठेवलेल्या स्लाइडसमोर, मी उभी होते. फोकस नीट लावलेला होता, पॉइंटर फिकट ग्रंथींच्या एका घोळक्यावर होता. मी ‘पायलोरस’ (जठराचा शेवटचा भाग) लिहिलं, दोन मुद्दे लिहिले, घंटा झाली, पुढे सरकले. स्लाइड ड्युओडिनमची, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाची होती. त्या दिवशी दोन मार्कांनी माझं प्रॅक्टिकल राहिलं आणि सप्लिमेंटरी द्यावी लागली. आज मी पॅथॉलॉजीत पीजी करतेय, रोज जठराच्या बायोप्सी बघते. तरी पायलोरस स्टेजवर आला की तो दिवस आठवतोच.

म्युकोसा (आतलं अस्तर), सबम्युकोसा (त्याखालची मऊ जागा), मस्क्युलॅरिस एक्स्टर्ना (स्नायूंचा जाड थर) आणि बाहेरचं सेरोसा किंवा अ‍ॅडव्हेन्टिशिया, पचनमार्गाच्या भिंतीचे हे चार थर तुम्हाला पाठ असतील. मलाही होते. पाठ असणं आणि काचेवर दिसणं यांत फार अंतर आहे, आणि ते कुणी आधी सांगत नाही.

माझी चूक कुठे झाली ते सविस्तर सांगते. पायलोरसचे पिट्स, म्हणजे अस्तरातले खड्डे, खोल असतात, म्युकोसाच्या जवळपास निम्म्या जाडीपर्यंत उतरतात. (जठराच्या वरच्या भागात, फंडसमध्ये, ते साधारण पाव जाडीपर्यंतच जातात.) दोन खोल खड्ड्यांमधला भाग उभा राहिलेला दिसतो आणि नवख्या डोळ्याला तो विलससारखाच (लहान आतड्यातला बोटासारखा उंचवटा; अनेकवचन विलाय) वाटतो. त्यात पायलोरसच्या ग्रंथी म्युकसच्या, फिकट; ड्युओडिनममधल्या ब्रुनर्स ग्लँड्सही म्युकसच्या आणि तितक्याच फिकट. एच अँड ई (निळा-जांभळा आणि गुलाबी) रंगात दोन्ही सारख्याच दिसतात. मी फिकट ग्रंथी पाहिल्या, वर बोटांसारखं काहीतरी पाहिलं आणि तिथेच थांबले.

खड्डा कोणता आणि उंचवटा कोणता, हे आडव्या छेदात कळतं. विहीर आणि देवळाचा खांब मनात आणा. दोन्ही मधोमध आडवे कापले तर विहिरीच्या जागी भोक दिसेल आणि भोवती जमीन. खांबाच्या जागी दगड दिसेल आणि भोवती मोकळी हवा. पिट आडवा कापला की मधे पोकळी, भोवती एपिथेलियमचं (सगळ्यात वरच्या पेशींच्या थराचं) कडं आणि त्याबाहेर लॅमिना प्रोप्रिया (त्याखालची सैल ऊती). विलस आडवा कापला की मधे लॅमिना प्रोप्रिया, त्यात बारीक रक्तवाहिन्या, भोवती एपिथेलियम आणि त्याबाहेर रिकामी जागा. स्लाइडवर तिरके तुकडे नेहमीच असतात. ते टाळून सुबक उभा भाग शोधत बसू नका. तिरका तुकडाच तुम्हाला खरं उत्तर देतो.

दुसरी खूण, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, मस्क्युलॅरिस म्युकोझी, म्हणजे म्युकोसाच्या तळाचा स्नायूंचा पातळ थर. लो पॉवरवर ती बारीक गुलाबी रेषेसारखी दिसते. ती सापडेपर्यंत अवयवाचं नाव मनातही आणू नका. सापडली की एकच प्रश्न विचारा: ग्रंथी रेषेच्या वर आहेत की खालीही आहेत? पायलोरसच्या ग्रंथी वरच थांबतात. ब्रुनर्स ग्लँड्स खाली, सबम्युकोसात असतात. संपूर्ण पचनमार्गात सबम्युकोसात ग्रंथी असणारे भाग दोनच, अन्ननलिका आणि ड्युओडिनम. अन्ननलिकेचं स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस (चपट्या पेशींचे अनेक थर असलेलं) एपिथेलियम लगेच ओळखू येतं, म्हणजे उरलं ड्युओडिनम. आता हाय पॉवरवर जा आणि एपिथेलियममध्ये गॉब्लेट सेल (म्युकसने भरलेल्या पेल्यासारख्या पेशी) शोधा. निरोगी जठरात त्या नसतात.

एक धोका इथेही आहे. ब्रुनर्स ग्लँड्सच्या नळ्या वर क्रिप्टमध्ये (विलायच्या बुडाशी असलेल्या नळीसारख्या खड्ड्यांत) उघडतात, त्यामुळे रेष जागोजागी तुटलेली दिसते आणि काही ग्रंथी तिच्या वरही आलेल्या असतात. रेष तुटली म्हणून घाबरू नका, बाजूला सरकून ती पुन्हा पकडा. शिवाय ड्युओडिनमच्या शेवटाकडे या ग्रंथी कमी होत जातात.

या ग्रंथींवर ज्याचं नाव आहे तो योहान कॉनराड ब्रुनर आणि इलियममधल्या (लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या) पेयर्स पॅचेसचा, म्हणजे लिम्फॉइड पेशींच्या पुंजक्यांचा, योहान कॉनराड पेयर, दोघंही स्विस, दोघांचा जन्म १६५३चा. पेयरने ते पुंजके १६७७ मध्ये वर्णन केले. आज आपल्याला मिळतात तसे रंगवलेले पातळ छेद तेव्हा नव्हते. तरी त्यांना हे दिसलं, याचा मला अजून अचंबा वाटतो.

बाकीचं भराभर. फंडसमध्ये गुलाबी परायटल (आम्ल बनवणाऱ्या) आणि निळसर चीफ (पाचक एन्झाइम बनवणाऱ्या) पेशी. जेजुनममध्ये (लहान आतड्याच्या मधल्या भागात) विलाय आहेत, पण ब्रुनर्स नाहीत आणि पेयर्सही नाहीत. तो अभावावरून ओळखायचा. कोलनमध्ये (मोठ्या आतड्यात) विलाय नाहीत, सरळ खाली गेलेले क्रिप्ट आणि भरपूर गॉब्लेट सेल. अपेंडिक्स लहान, गोल आणि आतल्या पोकळीभोवती लिम्फॉइड फॉलिकल्सचं कडं असलेलं. इलियम आणि अपेंडिक्समध्ये गोंधळ झाला तर विलाय आहेत का एवढंच बघा.

आता स्पष्ट बोलते. सिनियरकडून फिरत येणाऱ्या स्लाइडच्या फोटोंवर अभ्यास करू नका. ‘कोपऱ्यात जांभळा डाग असेल ती ड्युओडिनम’ अशा खुणा मी पाठ केल्या होत्या. परीक्षेत दुसऱ्या खोक्यातल्या स्लाइड्स लावल्या आणि माझ्याकडे काहीच उरलं नाही. जर्नलमधल्या आकृत्यांचंही तेच. पुस्तकातून उतरवलेली सुंदर आकृती तुम्हाला काही शिकवत नाही. मायक्रोस्कोपमधून बघून काढलेली वेडीवाकडी आकृती शिकवते. एच अँड ईच्या दोन पेन्सिली घ्या, आधी रेष काढा, मग तिच्या वर-खाली काय आहे ते.

मला हे कुणी मोठ्या प्राध्यापकांनी शिकवलं नाही. सप्लिमेंटरीआधी लॅबमधले टेक्निशियन काका दुपारी खोली उघडून द्यायचे. स्लाइड मायक्रोस्कोपवर ठेवायच्या आधी ते ती खिडकीसमोर धरायला लावत. “आधी नुसत्या डोळ्यांनी बघ बाळा, किती जाड आहे, कुठे निळं आहे, कुठे गुलाबी आहे.” मग आयपीस काढून उलटा धरायचा, तो भिंगासारखा चालतो. अर्धी स्लाइड तिथेच ओळखू येते. तुमच्या लॅबमध्येही असं कुणीतरी असेल. त्यांच्याकडे जा, लाजू नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांना वेगळं सांगते, कारण मीही त्यातलीच. शब्द जड जातात, डोळे जड जात नाहीत. मी वहीत ‘वरचं अस्तर, खालची मऊ जागा, स्नायूंची रेष’ असंच लिहायचे आणि व्हायव्हाच्या आदल्या आठवड्यात त्यावर इंग्रजी नावं चढवली. त्यानं काही अडलं नाही.

ही रेष फर्स्ट इयरबरोबर संपतही नाही. मोठ्या आतड्यातल्या पॉलिपमध्ये बिघडलेल्या पेशी मस्क्युलॅरिस म्युकोझी ओलांडून सबम्युकोसात उतरल्या आहेत का, यावरून त्याला इन्व्हेझिव्ह कॅन्सर म्हणायचं की नाही हे ठरतं. जठराच्या बायोप्सीत गॉब्लेट सेल दिसल्या तर आम्ही इंटेस्टायनल मेटाप्लेझिया (जठराचं अस्तर आतड्यासारखं होणं) लिहितो. ज्या दोन गोष्टी मी त्या स्पॉटरवर पाहिल्या नाहीत, त्याच आता रोज रिपोर्टमध्ये लिहायच्या असतात.

परीक्षेत वेळ कमी मिळतो. पॉइंटरकडे शेवटी बघा. आधी एपिथेलियम, मग रेष, मग रेषेखालचं, मग नाव. नाव सुचलंच नाही तरी जे थर दिसले ते लिहा. परीक्षक त्याचे मार्क देऊ शकतात, कोऱ्या कागदाचे नाही.