लायब्ररी डिजिटल करायचीय? स्कॅनर सगळ्यात शेवटी घ्या

प्रिन्सिपल म्हणतात कॉलेजची लायब्ररी मॉडर्न करा, आणि लगेच स्कॅनर येतो. आमच्याकडेही आला, वर्षभर प्लॅस्टिकच्या कव्हरखाली बसला, कारण स्कॅन काय करायचं हेच कुणाला माहीत नव्हतं.

आधी दाखल रजिस्टर काढा आणि कपाटागणिक स्टॉक टेकिंग करा, एकाने नंबर वाचायचा दुसऱ्याने टिक मारायची. जुन्या सिलॅबसची गाइडं बाहेर काढा, पण कमिटीच्या सह्या झाल्याशिवाय रद्दीवाल्याला बोलवू नका, ऑडिटला तुम्हालाच उभं करतात.

मग कोहा टाका, म्हणजे लायब्ररीची यादी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, २००० पासून वापरात आहे, मराठी युनिकोड नीट चालतं. घोळ होतो तो जुन्या यादीचा, ती कुठल्यातरी डीटीपी फॉन्टमध्ये असते आणि पेस्ट केली की अक्षरांची खिचडी. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं डोळ्याने तपासा. लेखकाचं आडनाव आधी की नाव, आद्याक्षरांमध्ये स्पेस द्यायची की नाही, हे ठरवून भिंतीवर चिकटवा, नाहीतर एकाच माणसाचे तीन लेखक होतात. बारकोड स्कॅनर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. लेबल कव्हरच्या आत लावा, बाहेरचं पोरं खरवडतात.

एन-लिस्ट (कॉलेजांना ई-बुकं आणि ई-जर्नल्स देणारी योजना) असेल तर ओरिएंटेशनलाच मुलांच्या मोबाईलवर लॉगिन करून घ्या, नुसती नोटीस लावून कुणी उघडत नाही.

आता जुनी पुस्तकं. मुंबईची दमट हवा आणि कसर, दोन्ही वैरी. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही म्हणजे नाही, गोंद पिवळा पडतो आणि टेप निघताना अक्षरंही घेऊन जाते. गंमत म्हणजे हातकागदावरची जुनी पोथी धडधाकट असते आणि नंतरचं लाकडाच्या लगद्याच्या कागदावरचं पुस्तक अ‍ॅसिडने पापडासारखं तुटतं, त्यामुळे स्कॅनिंगला आधी ते घ्या. फ्लॅटबेडवर उपडं दाबू नका, कणा जातो, वरून कॅमेरा असलेला स्कॅनर बघा. ३०० ते ४०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके), मूळ फाइल टिफ फॉरमॅटमध्ये, वाचायला पीडीएफ. दोन हार्डडिस्क ठेवा, एक दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर नको, २६ जुलै २००५ चा पूर आठवा.

नेटवर सगळ्यांसाठी टाकताना कॉपीराइट बघा, साधारणपणे लेखक गेल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. डीस्पेसवर (स्कॅन केलेल्या फाइली नेटवर ठेवायचं सॉफ्टवेअर) सुरुवात कॉलेजच्या वार्षिक अंकापासून करा, ते दुसऱ्या कुणाकडे सहसा नसतात. आणि स्कॅन झालं की मूळ प्रती काढून टाकू असं कुणी म्हणालं तर कपाटाची किल्ली खिशात ठेवून चहाला निघून जा.