माउस नेला, तरी चित्र बदलत नाही?

१९९८ च्या सुमारास मी वेबपानांच्या मेनूसाठी, माउस नेला की चित्र बदलणारी बटणं करायचो. नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ४, या दोन्ही ब्राउझरांत उघडून बघितल्याशिवाय पान कुणाला दाखवत नसे. त्या काळातली पानं सांभाळणाऱ्यांनी आजही तेच करावं.

आधी बघा, ऑनमाउसओव्हर, म्हणजे माउस आल्यावर काय करायचं ते सांगणारा कोड, कुठे लिहिलाय. नेटस्केप ४ मध्ये तो चित्राच्या टॅगवर चालत नाही. चित्राभोवतीच्या लिंकवर लिहा, मग दोन्हीकडे चालतो. चित्राला नुसता आयडी देऊन भागत नाही, नेम, म्हणजे नावही द्याच.

तरीही एरर येते? मग चित्र पोझिशन (पानावरची जागा) दिलेल्या डिव्हमध्ये, म्हणजे पानाच्या एखाद्या चौकटीत, आहे का ते तपासा. खरी गोम इथेच असते. असा डिव्ह नेटस्केप ४ वेगळा लेयर (थर) धरतो आणि त्या लेयरला स्वतःचं डॉक्युमेंट असतं. त्यामुळे मुख्य डॉक्युमेंटच्या इमेजेसमध्ये, म्हणजे चित्रांच्या यादीत, ते चित्र सापडतच नाही. लेयरच्या डॉक्युमेंटमध्ये शिरून शोधावं लागतं. माझी एक अख्खी रात्र यात गेली. कोड बरोबर होता, पत्ता चुकला होता.

ब्राउझरचं नाव विचारून कोडला फाटे फोडू नका, कृपा करून. नेटस्केप ३ ला डॉक्युमेंट डॉट इमेजेस कळतं, विंडोजवरच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ३ ला कळत नाही. म्हणून 'डॉक्युमेंट डॉट इमेजेस आहे का' एवढंच इफमध्ये तपासा आणि मगच एसआरसी, म्हणजे चित्राच्या फाइलचा पत्ता, बदला.

दोन्ही चित्रं एकाच मापाची हवीत, नाहीतर नेटस्केप दुसरं चित्र पहिल्याच्या मापात कोंबतो. पहिल्यांदा माउस नेल्यावर बटण अडखळत असेल, तर दुसरं चित्र पान उघडतानाच 'न्यू इमेज' या आज्ञेने मागवून ठेवा.