घरचं शाकाहारी जेवण आणि लाँग रन: इंदूरच्या धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की घरात पहिली कुऱ्हाड भातावर पडते, दुसरी पोळीवर. मग ओट्स येतात, प्रोटीन पावडरचा डबा येतो, आणि महिन्याभरात पाय जड पडायला लागले की दोष बुटांवर जातो. खरं तर कुकर, पोह्यांचा डबा आणि विरजणाचं भांडं एवढ्यावर ४२ किलोमीटरची तयारी नीट होते. गडबड असते ती कधी खायचं आणि किती खायचं यात.

खालची मापं ६० किलो वजनाच्या माणसासाठी आहेत. आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करा. डाळ, तांदूळ, पोहे, कणीक यांचं वजन कच्चं धरलं आहे. आपल्या घरच्या वाटीत काय किती बसतं ते वजनकाट्यावर एकदाच मोजून ठेवा, म्हणजे रोज काटा काढावा लागत नाही.

भात-पोळी तोडणं

आठवड्याला ५०-६० किलोमीटर पळणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे ३०० ते ४२० ग्रॅम. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून साधारण २० ग्रॅम मिळतात, ६० ग्रॅम तांदळाच्या भातातून ४७. आता हिशेब करा: दोन पोळ्या, भाजी, कोशिंबीर असं ‘हलकं’ जेवण दोन्ही वेळा घेतलं तर शंभराच्या आसपासच पोचता. उरलेलं शरीर कुठून आणणार?

आधी आठवड्यातला वेगाचा सराव बिघडतो, मग लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव. जिना चढताना मांड्या भरून येतात, रात्री दोन-तीनला भुकेने जाग येते, सर्दी हटत नाही, नडगी पुन्हापुन्हा दुखते. बायकांची पाळी लांबली किंवा थांबली तर ते ‘चांगलं ट्रेनिंग’ झाल्याचं लक्षण नाही, अन्न कमी पडल्याची खूण असू शकते, डॉक्टरांकडे जा. वजन उतरवायचंच असेल तर ते किलोमीटर कमी असलेल्या महिन्यांत उतरवा, आणि कात्री शेव-मिक्स्चरला लावा, भाताला नको.

शनिवारी रात्री सराफा

रविवारी पहाटे पाचला निघायचं आणि आदल्या रात्री अकरा वाजता सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा म्हणजे मक्याचा कीस आणि वर ती दाट दुधाची शिकंजी, हे जमणारं गणित नाही. तूप-तेलामुळे अन्न पोटातून उशिरा पुढे सरकतं, आणि सहाव्या-सातव्या किलोमीटरला ते वर येऊ पाहतं. दाल-बाफल्याचंही तेच. आधी उकडून मग भाजलेले आणि तुपात बुडवलेले बाफले रविवारी दुपारी, पळून झाल्यावर, अगदी हक्काने खा. राजमा, मटकीची उसळ, फ्लॉवर, कच्च्या कांद्याची कोशिंबीर यांनाही शनिवारी रात्री सुट्टी.

त्या रात्री मुगाची मऊ खिचडी करा. जेवण आठपर्यंत आटपा. एका माणसासाठी ६० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम पिवळी मूगडाळ, दोन्हीच्या मापाच्या पाचपट पाणी, हळद, हिंग, मीठ. जिऱ्याची फोडणी एक चमचा तुपाची, मध्यम आचेवर चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. यातून ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि १४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. जोडीला ताक आणि एखादं केळं घेतलं की पुरे.

खिचडी तळाला लागते ती पाणी कमी पडल्याने किंवा आच मोठी राहिल्याने. लागली असेल तर ढवळू नका. वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, नाहीतर करपट वास सगळीकडे पसरतो. आणि ती थंड होताना घट्ट होणारच, कारण शिजलेला तांदूळ पाणी ओढत राहतो. वाढताना वाटीभर उकळतं पाणी घालून सैल करा. गार पाणी घातलं की गुठळ्या होतात आणि चवही उतरते.

पहाटे उपाशी निघणं, किंवा पोट भरून निघणं

पोहे खाऊन पळायचं तर दीड-दोन तास हवेत, आणि साडेतीनला उठून फोडणी कोण घालणार! सराव तासाभराचा आणि संथ असेल तर नुसत्या चहावर गेलात तरी चालेल. दीड तासाच्या वर असेल तर निघण्याआधी पाऊण तास ३० ते ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या: एक केळं आणि तीन-चार खजूर, किंवा एका पोळीवर अर्धा चमचा तूप व दोन चमचे किसलेला गूळ लावून केलेली सुरळी. शेंगदाण्याची चिक्की किंवा मूठभर बदाम या वेळी नकोत. ते पौष्टिक आहेत, पण पचायला वेळ घेतात.

मोड आलेले कच्चे मूग हा पहाटेचा आणखी एक लाडका प्रकार. त्यांनी गॅस होतो. शिवाय ओलसर, उबदार फडक्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जास्तच. मूग आठ-दहा तास भिजवून, निथळून बांधा, मोड आले की पाच-सात मिनिटं वाफवा आणि दुपारी खा. आंबूस वास किंवा चिकटपणा आला असेल तर धुऊन वापरायच्या फंदात पडू नका, टाकून द्या.

पोहे-जिलबीवर रिकव्हरी

पळून आल्यावर इंदुरात माणूस दुसरं काय खाणार? ते चूक नाही, अपुरं आहे. लाँग रननंतर तासाभरात दर किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण २० ग्रॅम प्रथिनं हवीत. ८० ग्रॅम पोह्यांतून कर्बोदकं बरोबर साठाच्या आसपास मिळतात, प्रथिनं मात्र जेमतेम पाच-सहा ग्रॅम. वरची शेव प्रथिनं थोडी देते, तेल भरपूर. जिलबी तर नुसती साखर. पंचवीस किलोमीटरनंतर तिला नाकं मुरडायचं कारण नाही, पण ती प्रथिनांची जागा घेत नाही.

म्हणून पोहे तेच ठेवा, जोड बदला: मोठा पेला (२५० मिली) दूध म्हणजे ८ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर कुस्करून वर घातलं की ९, आणि पोह्यांतच मूठभर शेंगदाणे. झाले वीसच्या वर. दूध सोसत नसेल तर वाफवलेल्या मुगाची वाटी आणि दही.

घरी इंदुरी पद्धतीने वाफेवर केले तर तेल एका चमच्यात भागतं. जाडे पोहे चाळणीत धरून वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा आणि दहा मिनिटं निथळत ठेवा. मीठ, चिमूट साखर, हळद चोळा. मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची यांची एक चमचा तेलाची फोडणी त्यावर ओता, हलक्या हाताने कालवा आणि चाळणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून आठ-दहा मिनिटं ठेवा. पाणी चाळणीला टेकता कामा नये. वर लिंबू, कांदा आणि जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. जीरावनातलं मीठ घामानंतर कामाचंच असतं.

गोळा झाला तर पोहे पाण्यात भिजत राहिलेत किंवा पातळ पोहे वापरलेत. वातड झाले तर निथळल्यावर फार वेळ उघडे राहिले. पाण्याचा किंवा दुधाचा हबका मारून पुन्हा दोन मिनिटं वाफ द्या.

वरणाचं पाणी म्हणजे डाळ समजणं

धावणाऱ्याला दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोला ८५ ग्रॅम धरा. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते पंधरा ग्रॅम, प्रथिनं तीन-चार. शाकाहारी जेवणात हा आकडा गाठता येतो, पण आपोआप नाही. एका दिवसाचं उदाहरण: अर्धा लिटर दूध १६, २०० ग्रॅम दही ६, ६० ग्रॅम डाळ १४, सहा पोळ्या २०, ८० ग्रॅम तांदूळ ६, ८० ग्रॅम पोहे ५, ८० ग्रॅम पनीर १४, ३० ग्रॅम शेंगदाणे ७. बेरीज ८८. पनीर नको असेल तर ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या टाका, तेवढंच मिळतं. वड्या उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा पिळल्या नाहीत तर त्यांचा वास भाजीभर राहतो आणि घरचे पुन्हा करू देत नाहीत.

डाळ अर्धीकच्ची राहिली की पोट फुगतं, आणि मग ‘मला डाळ सोसत नाही’ असं ठरतं. न शिजण्याची कारणं तीन. डाळ जुनी असते. पाणी जड असतं: नर्मदेच्या नळाऐवजी बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे जास्त दिसतं, कारण त्यातल्या क्षारांनी डाळीची साल आणि गर मऊ पडत नाहीत. आणि तिसरं, टोमॅटो, चिंच किंवा आमसूल आधीच घातलेलं असतं. तूरडाळ अर्धा तास, हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवा, पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, आंबट शेवटी घाला. खायचा सोडा हा सोपा मार्ग वाटतो, पण त्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

नुसतं पाणी, किंवा सरबताचा पाक

एप्रिल-मेमध्ये तीन तास पळताना लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसणं धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम खाली जातं. मळमळ, डोकेदुखी सुरू होते, पुढे भान हरपतं. असं झालं तर आणखी पाणी न पाजता दवाखाना गाठायचा. उलट टोक म्हणजे बाटलीत घट्ट सरबत. ते आतड्यात लवकर उतरत नाही आणि पोटात डचमळत राहतं.

अर्ध्या लिटर पाण्याला ३० ग्रॅम साखर (सपाट सहा-सात लहान चमचे), लहान चमच्याचा आठवा भाग मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. दीड तासाच्या वरच्या प्रत्येक सरावात तासाला अशी एक बाटली, घोट घोट. उन्हात दुसरी लागली तर तिच्यात साखर निम्मी. उपवासाला सैंधव वापरलंत तरी हरकत नाही. निघण्याआधी आणि आल्यावर वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, त्यात मीठ-जिऱ्याचं ताक धरून.

जेवणावर लगेच चहा

डाळी-भाज्यांतलं लोह आधीच कमी शोषलं जातं, चहा ते आणखी अडवतो. नाश्ता आणि चहा यांत तासाचं अंतर ठेवा, पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळा. हिवाळ्यात आळिवाचे लाडू करा. दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्या, विशेषतः बायकांनी. तपासणीआधी लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

एकादशी आणि लाँग रन एकाच दिवशी

शक्य असेल तर सराव एक दिवस सरकवा. नसेल तर साबुदाणा पळण्याआधी वाईट नाही. ६० ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम कर्बोदकं आहेत, प्रथिनं जवळजवळ शून्य. आधी खायच्या खिचडीत दाण्याचं कूट दोन चमचेच, आल्यावर दही, दूध, राजगिरा. निर्जळी असेल तर पळूच नका.

स्पर्धेच्या आदल्या रात्री ताटभर भरणं

स्नायूंतला कर्बोदकांचा साठा एका जेवणात भरत नाही. शेवटचे दोन दिवस दर किलोमागे ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं हवीत: ३०० ग्रॅम तांदूळ, सहा पोळ्या, चार केळी, ५० ग्रॅम गूळ आणि अर्धा लिटर दूध मिळून सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास होतात. हे चार-पाच वेळा विभागून खा; भाज्या दुधी, गिलकी यांसारख्या मऊ. वजन किलो-दीड किलोने वाढेल. घाबरू नका, साठवलेल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर स्नायू तीनेक ग्रॅम पाणी धरतात.

जानेवारीत मुंबईला मॅरेथॉनसाठी जाणारे इथेच घसरतात. अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसताना डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि स्टेशनावर वडापाव. पुऱ्यांऐवजी दशम्या न्या. २०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम गूळ, गूळ विरघळेल इतकं कोमट दूध, चिमूट मीठ. पाण्याचा थेंबही नको, पाणी पडलं की त्या लवकर विटतात. नेहमीच्या पोळीहून किंचित जाड लाटा, मंद आचेवर दोन्हीकडून भाजा, पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. गरम भरल्या तर वाफेने ओल्या होऊन सकाळपर्यंत वास येतो.

बॅगेत पावशेर पातळ पोहे आणि गूळही टाका. पहाटे हॉटेलात नाश्ता मिळत नाही. वाटीत पोहे ओले करून त्यावर दूध-गूळ घातलं की पाच मिनिटांत खाणं तयार. मात्र दूध-पोहे खाऊन निदान दोन लाँग रन आधी इंदुरातच करून बघा.