चालू काजू कारखाना विकत घेताना

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यात चालू काजू कारखाना विक्रीला निघतो तो बहुधा दोन कारणांनी: मालकाचे वय झालेले असते आणि मुले मुंबईत स्थिरावलेली असतात, किंवा हंगामात बी भरायला भांडवल उरलेले नसते. कारण कोणते, हे मालकाबरोबरच त्याला बी घालणाऱ्या बागायतदारांनाही विचारावे. नवी शेड उभारण्यापेक्षा चालू कारखाना घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण बागायतदारांशी वर्षानुवर्षे जुळलेला व्यवहार आणि फोडणी, सोलणी व प्रतवारीत हात बसलेल्या कामगार स्त्रिया एका वर्षात मिळत नाहीत.

मात्र किमतीची बोलणी करण्यापूर्वी खेळत्या भांडवलाचा हिशेब करावा. बी येते मुख्यतः मार्च ते मे या काळात, कारखाना चालवायचा असतो वर्षभर. समजा, रोज ३०० किलो बी फुटते आणि वर्षात २८० दिवस काम चालते, तर ८४,००० किलो बी लागेल; किलोला १२० रुपये दर धरला तरी ही रक्कम एक कोटीच्या पुढे जाते, आणि तिचा मोठा भाग त्या तीन महिन्यांतच मोजावा लागतो. विक्रेत्याची बँकेतील कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेकडून उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, आपोआप खरेदीदाराकडे येत नाही, म्हणून स्वतःची मर्यादा मंजूर होईपर्यंत विसाराची मोठी रक्कम देऊ नये.

नफा तपासताना किमान तीन वर्षांची प्राप्तिकर व जीएसटी विवरणपत्रे घ्यावीत आणि ती महावितरणच्या महिनावार बिलांशी ताडून पाहावीत. पावसाळ्यात उत्पादन जोरात असल्याचे सांगितले जाते आणि बिल मात्र खाली आलेले दिसते, तेव्हा स्पष्टीकरण मागावे. शंभर किलो बीपासून साधारण २५ ते ३० किलो गर मिळतो. यापेक्षा फारच चांगला उतारा सांगितला जात असेल, तर आपल्यासमोर पोते फोडून वजन करावे. घरच्या माणसांच्या विनावेतन कष्टांमुळेही नफा फुगलेला दिसतो, म्हणून देखरेख करणाऱ्याचा आणि हिशेबनिसाचा पगार त्यातून वजा करूनच किंमत ठरवावी. कारखाना एप्रिलमध्ये पाहिला असेल, तर ऑगस्टमध्येही पाहावा: गोदामाला ओल येते का, बीला बुरशी धरते का, हे तेव्हाच कळते.

एकट्याच्या मालकीचा कारखाना असेल, तर खरेदीदाराला स्वतःच्या नावाने अन्नसुरक्षा परवाना आणि जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. बाष्पके संचालनालयाच्या नोंदीतही बॉयलरचा मालक बदलून घ्यावा. खासगी मर्यादित कंपनीचे भाग (शेअर) घेतले, तर परवाने कंपनीकडेच राहतात, पण जुनी देणीही कंपनीबरोबरच येतात. एकट्याच्या मालकीचा धंदा घेतला म्हणून जुनी देणी सुटली, असेही समजू नये, कारण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार धंदा हस्तांतरित होण्यापूर्वीच्या थकबाकीसाठी विक्रेता आणि खरेदीदार दोघेही जबाबदार धरले जातात.

जमिनीची तपासणी वकिलाकडून करून घ्यावी आणि मालकी आणि बोजे यांचा ३० वर्षांचा शोध अहवाल मागावा. कोकणात सातबाऱ्यावर दहा-पंधरा सहहिस्सेदार असणे नवलाचे नाही; त्यांतल्या एकाचीही सही राहिली, तर व्यवहार अडकतो. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाची नोंद आहे का, तसेच बिनशेती आदेश नेमक्या किती क्षेत्राचा आहे, हे पाहावे, कारण शेतजमीन राहिलेला तुकडा बिगरशेतकऱ्याला सहसा परवानगीशिवाय घेता येत नाही. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो, त्यामुळे महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क यांची तरतूद करावी.

कामगारांशी खरेदीदाराने स्वतः बोलावे. जुन्या कामगारांचे उपदान (ग्रॅच्युइटी) सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने साचलेले असते. ते कोण देणार, हे करारात लिहावे आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करावी. शेजारच्या वाडीत विक्रेत्याने पुन्हा कारखाना काढू नये, अशी अटही घालता येते, कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मध्ये नावलौकिकासह धंदा विकणाऱ्यावर ठरावीक परिसरापुरते वाजवी बंधन घालण्याची मुभा आहे.

ताबा फेब्रुवारीअखेर घ्यावा, असे माझे मत आहे. तेव्हा गोदाम बहुतेक रिकामे असते आणि उरलेल्या मालावरून वाद कमी होतात. उरलेली पोती दोघांसमोर तोलून, नमुना फोडून, त्या दिवसाचा दर लावावा. किमतीचा काही भाग मेअखेरपर्यंत राखून ठेवावा आणि तोपर्यंत बी खरेदीच्या वेळी विक्रेत्याने सोबत उभे राहावे, असे करारातच नमूद करावे, म्हणजे प्रत्येक बागायतदाराशी ओळख त्याच्याच तोंडून होईल.